वाईहून जपान, लंडनमार्गे

आमच्या वाईतल्या सायकल दुकानात पंक्चर कमी आणि गप्पा फार. माझी शाळा लहानपणीच सुटली म्हणून मी तिथे कामाला बसलो. मला बोलायला जमत नाही, पण ऐकलेलं विसरत नाही. त्यात दिनकररावांचे किस्से तर इतके साठले, की टायर ठेवायला जागा उरली नाही!

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. एम.ए. झालेल्या दिनकररावांना पुढच्या अभ्यासासाठी लंडनला प्रवेश मिळाला. विषय : जपानचा समाज आणि राजकारण. तिकीटही आलं. अडलं होतं ते फक्त त्यांच्या वडिलांच्या, अण्णांच्या, परवानगीपाशी.

अण्णा नदीच्या घाटावरचे भिक्षुक. ते म्हणाले, "जपान शिकायला लंडनला? मग संस्कृत शिकायला जर्मनीत जाशील!"

"जातात की लोक, अण्णा!"

त्यानंतर महिनाभर अबोला.

पाया पडू दिलं की आशीर्वाद द्यावा लागतो, आणि आशीर्वाद म्हणजे परवानगीच. म्हणून रोज सकाळी दिनकरराव वाकले, की अण्णा पाय धोतरात ओढून घेत!

*

आमचे गणपत हवालदार युद्धात मलायात जपान्यांच्या कैदेत राहून आले होते. दिनकरराव वही घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"हवालदार, जपानी समाजात वडीलधाऱ्यांचं स्थान काय?"

"पहाऱ्यावरचा सार्जंट उभा, आन् आमी वाकल्यालं."

"बरं. आणि राज्यपद्धती?"

"तीच!"

*

मग हवालदारांनी घाटावर जपानी पद्धतीने वाकायचं शिक्षण सुरू केलं. "कमरंतनं वाका. नजर खाली. म्होरचा मोठा मानूस सरळ हुईस्तवर उठायचं न्हाई!"

गुरुशिष्य दोघंही समोरासमोर वाकलेले. धुणं धुणाऱ्या एका आजीबाईंनी विचारलं, "काय हरवलं रे?"

मान खालीच ठेवून दिनकरराव म्हणाले, "काही नाही."

"काही नाही म्हणतोय म्हणजे सोनंच!" आजीबाईंनी पदर खोचला. थोड्या वेळाने निम्मा घाट वाकला होता!

*

काड्यांनी जेवायचा सराव हवा, म्हणून दिनकररावांनी माझ्याकडून सायकलचे दोन नवे स्पोक नेले. घरी त्यांनी भाताशी झटापट मांडली. अण्णांना अबोला मोडावा लागला.

"लंडनला असंच जेवतात?"

"नाही, तिथे काट्याने."

"मग हे कशासाठी?"

"अभ्यास."

अण्णा आत वळून म्हणाले, "अगं, याला ताक वाढ. बघू अभ्यास!"

*

निघायचा दिवस आला, तरी अण्णांचं 'जा' आलं नाही. पण लोणंद स्टेशनवर मात्र ते आले. हवालदार आणि मी ट्रंक डब्यात चढवली. दिनकरराव पाया पडायला गेले, तसे अण्णा दोन पावलं मागे सरकले.

दिनकररावांचा चेहरा उतरला. मग ते होते तिथेच उभे राहिले आणि कमरेतून वाकले. नजर खाली.

अण्णा गोंधळले. पायाला हात लागला नव्हता, म्हणजे आशीर्वाद नाही. पण कुणी नमस्कार केला तर उलट नमस्कार न करणं त्यांच्या घराण्यात नव्हतं. तेही वाकले. आणि समोरचा उठेपर्यंत आपण उठणं बरं दिसत नाही, म्हणून वाकलेलेच राहिले!

शिट्टी झाली. मी जन्मात पहिल्यांदा ओरडलो, "दिनकरराव, गाडी!"

"गप रं!" हवालदारांनी माझा दंड धरला. "म्हाताऱ्याआधी उठला तर लय मोठा अपमान हुतोय!"

गाडी हलली. ट्रंक पुण्याला निघून गेली. फलाटावर बाप-लेक तसेच.

बऱ्याच वेळाने, मान वर न करता, अण्णांनी मला विचारलं, "पुण्याची पुढची गाडी कितीला रे?"