कुत्रा नसलेलं भुंकणं

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, जिंतूरला खत-बियाणांचं दुकान चालवतात. दुकानापेक्षा त्यांचं तोंड जास्त चालतं. समोरचा बोलत असला की हे मनात आपलं पुढचं वाक्य जुळवत असतात, आणि ते त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसतं. देवानं दिलेले कान त्यांनी चष्मा अडकवायला वापरले.

त्या हिवाळ्यात आमच्या हरभऱ्यात रोही शिरायला लागले. रोही म्हणजे नीलगाय. आमचं रान चारठाण्याच्या अंगाला, माळाला लागून आहे. उजाडता उजाडता कळप उतरायचा आणि कोवळे शेंडे खुडून परत जायचा. दाजींच्या कानावर हे गेलं आणि चौथ्या दिवशी ते गाडीत एक भोंगा घालून आले. खाली डबा, वर सोलरची पाटी, बांबूच्या टोकाला भोंगा. बटण दाबलं की कुत्रे भुंकायचे, मग कोणीतरी माणूस ओरडायचा, मग बंदुकीचा बार, की पुन्हा कुत्रे.

"जनावराला डोकं नसतंय, नुसते कान असतेत," दाजी म्हणाले. "कानात भीती घातली की झालं काम."

माझा नवरा भिडस्त. तो म्हणाला, "बघू लावून."

दोन-तीन दिवस रोही फिरकले नाहीत, हे खरं. तेवढ्यात दाजींनी मोबाईलवर व्हिडिओ काढून घेतला. त्यात हरभरा थोडा आणि दाजीच जास्त.

आमचा कुत्रा पहिल्या दिवशी घसा बसेपर्यंत त्या भोंग्यावर भुंकला. दुसऱ्या दिवशी तो बांबूपाशी गेला. बुडखा हुंगला, भोवतीची माती हुंगली, वर मान करून पाहिलं. एवढी कुत्री भुंकायलीत आणि वास एकाचाही नाही. त्यानं तंगडी वर केली, बांबूवर मुतला आणि गोठ्याच्या सावलीत जाऊन पडला. त्यानंतर त्या आवाजाला त्यानं कानसुद्धा हलवला नाही.

रोहींना दोन दिवस जास्त लागले. मी आखाड्यावर, म्हणजे रानातल्या आमच्या खोपीत, चूल पेटवत होते. तट्ट्याच्या फटीतून मला कळप दिसला. पुढची मादी माळाच्या कडेला थांबली होती. तिचा एक कान भोंग्याकडे आणि दुसरा माझ्या काटक्यांच्या आवाजाकडे वळलेला. भोंगा भुंकत होता, पण भुंकणारं जागचं हलत नव्हतं. गवत हलत नव्हतं, कुणी धावून येत नव्हतं. ती बराच वेळ नुसती बघत राहिली. मग चार पावलं पुढं आली, पुन्हा थांबली आणि शेवटी मान घालून खायला लागली. मागून सगळा कळप आला. बंदुकीचा बार झाला तेव्हा एका पिलानं मान वर केली, तोंडातला पाला चावत.

मी दाजींना फोन लावला. "दाजी, रोही भोंग्याखाली उभं राहून खायलेत."

"आवाज वाढव."

"वाढवलाय. आता आमालाच एकमेकांचं ऐकू येईना."

"मग तुझी बघण्यात चूक व्हायली," ते म्हणाले आणि फोन ठेवला. डोळे माझे, रान माझं, आणि चूक काढणारा जिंतूरला गल्ल्यावर बसलेला.

पुढच्या आठवड्यात ते सकाळीच चार-पाच गिऱ्हाइकं घेऊन आले, भोंगा दाखवायला. सोबत अक्का, म्हणजे माझी थोरली बहीणही आली होती. दाजींच्या अंगात पांढराशुभ्र शर्ट, गिऱ्हाइकांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. मोठमोठ्यानं बोलत सगळे बांधावर चढले. कळप हरभऱ्यातच होता. एवढी माणसं दिसताच रोही उधळले आणि माळ चढून गेले.

"बघितलं का?" दाजी म्हणाले.

डोकं उठलं म्हणून भोंग्याची वायर मी आदल्या दिवशीच काढून ठेवली होती. मी तसं सांगितलं. "दाजी, भोंगा बंद हाय. तुमाला बघून पळाले ते."

दाजी क्षणभरही अडखळले नाहीत. "यातून एक बारीक आवाज निघत असतो," ते गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले. "माणसाला ऐकू येत न्हाई. जनावरालाच येतो."

"वायरच काढलेली हाय," मी म्हणाले.

गिऱ्हाइकांनी माझ्याकडे पाहिलं, बांबूकडे पाहिलं आणि माना डोलावल्या, दाजींच्या बाजूनं. त्यातल्या दोघांनी तिथंच भोंगा घ्यायचं कबूल केलं. जन्म रानात गेलेली माणसं ही. डोळ्यांसमोर काय घडलं ते त्यांनी पाहिलं होतं, पण पांढऱ्या शर्टातला माणूस सांगतो म्हटल्यावर आपल्या डोळ्यांना विचारायची त्यांना गरज वाटली नाही. रोहीच्या पिलालाही यांच्यापेक्षा जास्त समज होती.

अक्का आखाड्यावर माझ्याजवळ येऊन बसली आणि मेथी निवडायला लागली. बांधावरून दाजींचा आवाज येतच होता.

"खरंच पळत न्हाईत का गं रोही?" तिनं हळूच विचारलं.

"सवय झाली त्यांना. आता ऐकतच न्हाईत."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "मला बी त्यांचा आवाज आताशा ऐकू येत न्हाई. बोलायलेत एवढंच कळतं. काय बोलायलेत ते न्हाई."

मला हसू आलं. ती मात्र हसली नाही. देठं बाजूला काढत राहिली.

शेवटी मी आणि नवऱ्यानं पाळी लावून राखण केली. पहाटे काठी घेऊन बांधानं फिरायचं, एवढंच. मी बांधावर चढायच्या आतच माझी चाहूल रोहींना लागायची आणि कळप माळाला लागलेला असायचा. निम्मा हरभरा गेला, निम्मा राहिला.

घाटे भरल्यावर टहाळ, म्हणजे ओला हरभरा, खायला दाजी आले. ओल्या घाट्यांचा ढीग पुढ्यात घेऊन नवऱ्याला म्हणाले, "भोंगा नसता तर एवढं बी वाचलं नसतं."

नवऱ्यानं त्यांच्यापुढं आणखी घाटे सरकवले. मी रानात गेले, बांबू उपटला, भोंगा सोडवला आणि दाजींच्या गाडीच्या मागच्या सीटवर नेऊन ठेवला, मातीसकट.