आबांनी चाखलेल्या तीन बाटल्या

पुण्याहून मंचरच्या एसटीत बसले तेव्हा मांडीवरच्या पिशवीत तीन बाटल्या होत्या. टॉवेलात गुंडाळल्या होत्या, तरी गाडी आदळली की वाजायच्याच. शेजारच्या मावशींनी विचारलं, "काय हाये गं?" मी "सरबत" म्हणाले आणि पुढचा सगळा रस्ता पिशवी पोटाशी धरून बसले.

बिनदारूची बिअर बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत मला वर्ष झालं होतं. प्रत्येक बॅचमध्ये दारूचा अंश राहिला नाही ना ते तपासायचं आणि चव घेऊन लिहून ठेवायची, हे माझं काम. घरी मात्र 'फूड कंपनी' एवढंच सांगितलेलं. कारण माझे वडील, आबा. त्यांनी दारू सोडून सहा वर्षं झाली होती. त्याआधीच्या वर्षांबद्दल आई आजही बोलत नाही. मग मामेभावानं माझा कामावरचा फोटो पाहिला आणि घरी जाऊन सांगितलं, पोरगी दारूच्या कारखान्यात आहे. आईचा फोन आला. "ये एकदा," एवढंच म्हणाली.

नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून बाटल्या घेतल्या. तिन्हींचे रिपोर्ट मी स्वतः दोनदा पाहिले होते.

दुपारी आबा मेंढरं वाड्यात कोंडून ओट्यावर टेकले होते. आई भाकरी थापत होती. मी पहिली बाटली उघडली आणि आईचा हात थांबला.

"वास त्योच हाये."

"वास येतो आई, आत दारू नाही."

"मला नको शिकवू." तिनं हात पुसले, वाटीत घोटभर ओतून घेतली आणि डोळे मिटून प्यायली. आयुष्यात पहिल्यांदाच. "कडू जहर," म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला बसली.

"आन इकडं," आबा म्हणाले.

"तुम्ही नका घेऊ, आबा."

"तू रोज घेतीस न्हवं?"

"हो."

"मग?"

आईकडं बघायचा धीर झाला नाही. मी पेल्यात थोडी ओतली.

पहिलीला ते "पानी" म्हणाले. दुसरीत मोसंबीची साल होती. ती त्यांना पोरासोरांची वाटली. तिसरी बाजरीची, काळपट. ती त्यांनी बराच वेळ तोंडात धरली.

"बाजरी हाये ह्याच्यात. पर भाजताना करपलीया. गिळल्यावर मागनं येतंय."

मी चाटच पडले. त्या कडवटपणावरून आमच्या कंपनीत तीन दिवस वाद चालला होता आणि कोणाला नेमकं सांगता येत नव्हतं. मी घाईघाईनं वही काढून लिहायला लागले. वर पाहिलं तर आबांनी रिकामा पेला पुढं धरला होता.

"अजून घाल थोडी."

तवा तापून धूर निघत होता, आई हलली नाही. मी ओतली. का ओतली, ते आजही मला नीट सांगता येत नाही.

आबांनी पेल्याकडं पाहिलं, खाली ठेवला, काठी उचलली आणि वाड्याकडं निघून गेले.

जरा वेळानं मी मागं गेले. ते एका कोकराच्या पाठीवर हात फिरवत उभे होते.

"चव लई बरी लागली, पोरी," माझ्याकडं न बघता म्हणाले. "तितंच भ्या वाटलं."

"चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं? काम चांगलं हाये तुझं. फकस्त घरी नको आनू."

घरात आले तोवर आईनं उरलेली सगळी मोरीत ओतली होती आणि बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या.

पुण्याला परतल्यावर मी रोज संध्याकाळी फोन करायची. "आबा कुठायत?" "हायेत की," आई सांगायची. मग मागून त्यांचा खोकला ऐकू येईपर्यंत मी काहीतरी बोलत राहायची. एखाद्या दिवशी खोकला नाही आला, तर झोप लागायची नाही. कंपनीत तोंडात घोट धरला की त्यांचा पुढं आलेला हात दिसायचा.

काही झालं नाही. आबांनी दारूला हात लावला नाही, अजूनही नाही. पण तिसऱ्या आठवड्यात आईच म्हणाली, "रोज इचारत जाऊ नको बाई. तू इचारलं की मलाबी भ्या वाटतं. मंग मी वाड्यात जाऊन बघून येती."

आता मी फोनवर मेंढरांचं विचारते, पावसाचं विचारते. आबांचं नाव ती आपणहून काढेपर्यंत थांबते.