तलावाच्या नकाशातली पायरी

आमच्या वस्तीतला महापालिकेचा जलतरण तलाव नव्यानं बांधायचं ठरलं, तेव्हा कच्चा नकाशा दाखवायला आम्हाला बोलावलं होतं. मी भांडायच्या तयारीनंच गेले. नकाशात काचेचं उपाहारगृह होतं, गाड्या लावायला जागा होती, पण काठावरची लांब पायरी नव्हती. पोरीचं पोहणं संपेपर्यंत त्या पायरीवर बसून मी वर्षानुवर्षं मेथी निवडली होती.

"आमची पायरी काहून काढून टाकली?" मी विचारलं.

"काकू, तुम्ही पोहता का?" नकाशा काढणारी मुलगी म्हणाली.

"नाही वं. मी बसून राहते."

मागे कुणीतरी हसलं. ती हसली नाही. "अजून कोण कोण बसतं?" तिनं विचारलं, तर जवळजवळ सगळ्या बायांचे हात वर झाले.

तिनं पेन्सिलीनं पायरी काढली. मग जरा थांबून पायरीला लागून एक छोटा तलावही काढला. "काकू, तुमच्यासाठी पाणी किती खोल ठेवू?"

इतकी वर्षं पाण्याजवळ बसले, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी उभी राहिले आणि गुडघ्यावर हात ठेवला.

"पयले एवढं," मी म्हणाले.