पिवळ्या रेघेवरची कळशी

दिल्लीच्या मेट्रो स्टेशनवर "ये किसका सामान है?" असा पुकारा झाला, तेव्हा ते सामान म्हणजे माझ्या मायची कळशी होती, आणि मी तिच्यापासून दहा पावलांवर उभा राहून छताकडं बघत होतो.

लातूर जिल्हा झाला त्या साली माझा जन्म. माय म्हणते, "सरकारला जिल्हा झाला, मला दिग्या झाला. पाणी दोघांनीबी आणलं न्हाई!" आठवीत शाळा सोडून मी दिल्ली गाठली. एका कँटीनच्या मालकानं पोळ्या लाटायला ठेवून घेतलं. (त्याचे आभार मी इतक्यांदा मानलेत, की हल्ली तो मला बघून वाट बदलतो.) दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात आमच्या गावची विहीर तळाला गेली. लातूरला तर रेल्वेनं पाणी यायला लागलं! तेव्हा नायगावच्या मावशीनं मायला नांदेडहून थेट दिल्लीच्या गाडीत बसवून दिलं. सोबत एक पिशवी आणि एक रिकामी, झाकणाची कळशी.

"माय, कळशी कशाला?"

"वाटंत कुटं पाणी दिसलं तर भरू कशात? तुज्या टोपीत?"

दोन दिवसांत तिनं जाहीर केलं, "गुरुवारी परत जाते. हितं तोटी फिरवली की पाणी. माजं कामच न्हाई!" पाऊस पडेपर्यंत तिनं राहावं, एवढंच मला हवं होतं. तिनं तिकडं घागरीमागं दोन कोस चालायचं आणि मी इकडं नळाखाली कणीक मळायची, हे घशाखाली उतरत नव्हतं. म्हटलं, मेट्रो दाखवू. रमेल!

निघण्याआधी तिची परीक्षाच घेतली. (मला वाचता येतं, पण वाचल्यावर घाबरताही येतं. स्टेशनवरची एकूण एक पाटी मला तोंडपाठ!)

"पिवळी रेघ?"

"वलांडायची न्हाई."

"दार उघडल्यावर?"

"आधी उतरणाऱ्याला वाट."

"गाडी हलली की?"

"दांडा धरायचा."

"चुकामूक झाली तर?"

"म्होरल्या टेशनाला उतरायचं आन् तितंच थांबायचं. बाबा, तुला चालायला मीच शिकवलंय, इसरलास का?"

परीक्षेत माय पास. पण पेपरात नसलेला प्रश्न फलाटावर आला! मी नकाशाची पाटी सहाव्यांदा वाचत होतो. तेवढ्यात मायनं लोकांची रांग बघितली. गावात टँकर यायचा असला की आपलं भांडं रांगेत ठेवायचं आणि सावलीत जाऊन बसायचं. भांडं म्हणजेच नंबर! तिनं कळशी नेमकी पिवळ्या रेघेवर ठेवली आणि निवांत जाऊन भिंतीला टेकली.

शिट्टी वाजली. लोक मागं सरकले. बंदूकवाला जवान कळशीपुढं उभा! मला आधी तुरुंग दिसला, मग मालकाचं तोंड दिसलं, मग मी छत बघायला लागलो.

माय मात्र ताडताड पुढं. "साब, हात नको लगाव! मेरा नंबर हाय!"

"नंबर? इसमें क्या है?"

मायनं आतून चुंबळ काढली. जवान दोन पावलं मागं! "ये क्या है?" मायनं चुंबळ डोक्यावर ठेवली, वर कळशी चढवली आणि दोन्ही हात सोडून ऐटीत चालून दाखवलं. "ये हाय!"

"कहाँ से हो, अम्मा?"

"लातूर जिल्हा."

"जहाँ रेल से पानी जाता है?" त्याचा आवाज एकदम उतरला. "मैं राजस्थान का हूँ. हमारे यहाँ भी मटका ही लाइन में लगता है."

मग तो स्वतः कळशी घेऊन गेला आणि अर्धी भरून आणली. "इससे ज़्यादा नहीं, अम्मा. छलकी तो मेरी नौकरी गई." मायनं घट्ट झाकण लावलं आणि त्याच्या गालावरून हात फिरवला.

गाडी आली. माय चढली, दांडा धरला. सगळं नियमानं! मी मागं वळून जवानाचे आभार मानायला लागलो. आधी त्याचे, मग त्याच्या आईचे. राजस्थानपर्यंत पोचलो, तेवढ्यात दार बंद झालं. काचेपलीकडून माय मला हातवारे करून सांगत होती, "म्होरल्या टेशनाला!"

पुढची गाडी येईपर्यंत मी दोनदा रडून घेतलं.

पुढच्या स्टेशनवर माय भिंतीला टेकून बसली होती, कळशी मांडीवर. "ये. कळशी खाली न्हाई ठेवली, उगं त्या लेकराच्या नोकरीला घोर नको. तुजा नंबर मांडीवरच लावलाय."

मी तिच्या शेजारी बसलो. "माय, गुरुवारी जाऊ नको."

तिनं कळशी हलवून बघितली. "कुणी दिल्यालं पाणी टाकून जात न्हाईत. हे सरलं की जाईन."

झालं! त्या रात्रीपासून माय झोपली की मी उठायचो आणि चोरून कळशी भरायचो. गुरुवार गेला. पुढचाही गेला. माय रोज त्यातलंच पाणी प्यायची. गावाकडं पाऊस लागल्याचा मावशीचा फोन आला, तेव्हा कुठं तिनं मला जवळ बोलावलं.

"दिग्या, त्या पोरानं कळशी अर्धी भरली हुती. दुसऱ्या दिवशी काठोकाठ! चोरी करायलाबी आठवीच्या म्होरं शिकावं लागतं, बाबा."