इंग्रजीतला सुतार

माझ्या मुलाचं नाव मुळात कुणा इंग्रजाचं आडनाव आहे. नवऱ्याने ते इंटरनेटवरून शोधून आणलं. आडनावाचंच नाव करायची हल्ली फॅशन आहे म्हणे. त्याच्या तेल कंपनीतल्या मित्रांना ते फार आवडलं. कुणी अर्थ विचारला की स्वारी ऐटीत सांगायची, "निर्माण करणारा." पुण्याहून सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे ब्रह्मदेवच की!"

मी नोकरी करते त्या हॉस्पिटलमधून बाळंतपणाची रजा होती. इथे आखातात, हवल्लीच्या फ्लॅटमध्ये बाळाला पाजता पाजता मी स्वतः मोबाइलवर शोधलं. ते आडनाव गाड्या घडवणाऱ्या सुतारांचं निघालं. आधी हसू आलं, मग डोक्यात तिडीक गेली.

कारण माझे वडील सुतार. आडनावही तेच. नाशिकजवळच्या गावात अजून रंधा मारतात. आमचं लव्ह मॅरेज. सासूबाईंनी एकच अट घातली होती, माहेरचं आडनाव चारचौघांत काढायचं नाही. इथल्या मराठी मंडळींत कुणी "माहेरच्या कोण तुम्ही?" विचारलं, की माझ्याआधी नवराच उत्तर देऊन मोकळा व्हायचा, "नाशिकची आहे ती." नातवासाठी सागवानी पाळणा करून पाठवतो म्हणून बाबा मागे लागले होते. ह्याने कार्गोचं निमित्त सांगितलं आणि मॉलमधून प्लास्टिकचा आणला.

बारशाला घर भरलं होतं. सासूबाई आणि बाबा एकाच व्हिडिओ कॉलवर होते. दुबईहून आलेल्या नणंदेने बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. तेवढ्यात कुणीतरी अर्थ विचारला. नवऱ्याने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "सुतार. गाड्या घडवणारा सुतार. माझ्या बाबांसारखा."

नवरा पेढ्यांचा बॉक्स उघडायला लागला. सासूबाई मात्र हसल्या. "असू दे गं, इंग्रजीत चालतं," त्या म्हणाल्या. "आपल्या लोकांत अर्थ सांगत बसू नकोस म्हणजे झालं."

आता तरी बाबा काहीतरी बोलतील असं मला वाटलं. निदान कॉल तरी बंद करतील. त्यांनी मान डोलावली.

"बरोबरच बोलतायत विहीणबाई," ते म्हणाले. "लेकराला कशाला आपलं नाव चिकटवायचं, पोरी?"