चौकशीची खिडकी आणि डावी टाच

बाबा एसटीत कंडक्टर होते. खामगाव–पिंपळगाव राजा ही त्यांची फेरी. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना त्यांची डावी टाच दुखू लागली. सकाळी खाटेवरून उतरून टाकलेलं पहिलं पाऊल सगळ्यांत वाईट. भिंत धरत ते न्हाणीपर्यंत जात.

आईनं तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेक दिला. मऊ चपला आणल्या. फरक पडला नाही. डेपोतल्या साहेबांनी चौकशीच्या खिडकीत बसायचं काम देऊ केलं आणि दिवाळीपर्यंत कळवायला सांगितलं. बाबांना ते नको होतं. जेवताना एकदाच म्हणाले, "खिडकीत लोक गाडी विचारतात अन् निघून जातात. गाडीत मानूस अर्धा तास तं आपल्यापाशी राह्यते."

मी त्यांना खामगावातच एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. बाईंनी टाच दाबून पाहिली, मग एका पायावर उभं राहायला सांगितलं. डाव्या पायावर उभं राहताच बाबांची कंबर उजवीकडे खाली गेली.

"बाई, टाच खाली हाये. तुम्ही वर काय पाहून राह्यल्या?"

"काका, गाडीत तिकीट कसं देता, दाखवा बरं."

बाबांनी यंत्र धरल्यासारखे दोन्ही हात पुढे केले आणि डावा खुबा टेबलाला टेकवला. गाडीत सीटला टेकवत, तसाच. बाई म्हणाल्या, इतकी वर्षं तुमचा भार सीटनं घेतला, खुब्याचे स्नायू ढिले पडले. आता चालताना पाय आत वळतो आणि सगळी ओढ टाचेखाली येते.

उजव्या कुशीवर झोपून डावा पाय सरळ वर उचलायचा, असा व्यायाम होता. घरी वेळ मिळेना, म्हणून पिंपळगावला गाडी थांबली की बाबा मागच्या लांब सीटवर आडवे होत.

"काऊन हो, काय झालं कंडक्टरले?" मेथीची पाटी घेऊन चढलेल्या एका मावशीनं विचारलं.

"सिग्नल हाये थो, मावशे," ड्रायव्हर म्हणाला. "पाय खाली आला का गाडी सुटते."

"मंग घ्या म्हना खाली. मेथी सुकून राह्यली माही."

बाबा ठरलेल्या दहा वेळा पूर्ण करूनच उठले.

दुखणं हळूहळू उतरलं, पुरतं गेलं नाही. दिवाळीच्या आधी त्यांनी साहेबांना नाही म्हणून सांगितलं आणि निवृत्तीपर्यंत त्याच फेरीवर राहिले. तेवढी वर्षं आमच्या घरी रोज संध्याकाळी पिंपळगावच्या बातम्या येत: कोणाची मुलगी नर्सिंगला लागली, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं. आता मी वर्तमानपत्रात आहे. यातलं काहीच आमच्याकडे छापायला येत नाही.