इंचकाकांचा चुकलेला दगड

पालिकेच्या मोजणी खात्यात त्यांना सगळे इंचकाका म्हणायचे. जमीन इंचभरही इकडची तिकडे होऊ द्यायची नाही आणि एकदा मोजलेलं उलट्या टोकाकडून पुन्हा मोजायचं म्हणजे मोजायचंच. बायको वैतागायची, "पडद्याचं कापड तरी एकदाच मोजा हो!" तीस वर्षांत त्यांचं माप कुणी खोटं पाडलं नव्हतं.

आज मात्र तळ्याकाठी उभ्या इंचकाकांचा टेप पिशवीतून बाहेर निघत नव्हता. नव्या बागेसाठी पालिका काठावरची जमीन घेत होती. घर खाजगी जमिनीवर असेल तर त्या बदल्यात दुसरीकडे घर. तळ्याच्या हद्दीत असेल तर काही नाही. हद्द म्हणजे तळं काठोकाठ भरल्यावर पाणी पोचतं ती रेघ. आणि शेवटचं घर होतं ताईचं, त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं. आईमागे होड्या दुरुस्त करून तिनेच त्यांना वाढवलं होतं.

हद्दीचा दगड घराच्या पुढे, पाण्याच्या बाजूला होता. तो काकांनीच रोवलेला, नोकरीच्या पहिल्या वर्षी. तेव्हा तळं आटलं होतं, ऊन मी म्हणत होतं आणि साहेब घाई करत होते. काकांनी दिसलं त्या पाण्याच्या कडेला दगड रोवून टाकला. काठावरच्या भरल्या पाण्याच्या खुणेकडून उलटं माप घेतलंच नाही. पुढे भरलेलं तळं पाहून चूक कळली, पण तोंड उघडायची हिंमत झाली नाही. त्याच दगडाच्या भरवशावर मग ताईने जागा घेतली.

"काका, दगड जागेवर आहे ना? मग घर खाजगी हद्दीत, असं लिहिते," नव्या अधिकारी बाई म्हणाल्या.

घर उंच खांबांवर होतं. मागच्या खांबावर डांबराच्या रेघा होत्या. "या कसल्या?" बाईंनी विचारलं.

"पाणी कुठवर चढतं ते दरवर्षी मांडून ठेवते. होड्या बांधायला बरं पडतं," ताई सहज बोलून गेली.

बाईंच्या काही लक्षात आलं नाही. काका गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण कालच पलीकडच्या काठावर जाळी विणणाऱ्याचं घर त्यांनी याच नियमाने तळ्याच्या हद्दीत टाकलं होतं. "तुम्ही मोजलंय म्हणजे बरोबरच असणार," एवढंच तो बिचारा म्हणाला होता.

"थांबा," काका म्हणाले. "दगड चुकलाय. मीच चुकीचा रोवलाय. भरलं तळं या मागच्या खांबावर चढतं, म्हणजे हद्द घराच्या मागून जाते."

बाईंचं पेन थबकलं. "काका, मग यांना घर मिळणार नाही."

"माहीत आहे."

दगडापासून रेघेपर्यंत मोजायला टेपचं दुसरं टोक धरणारं कुणीतरी हवं होतं. ताईच पुढे झाली. डांबराने काळ्या झालेल्या बोटांनी तिने ते टोक सगळ्यात वरच्या रेघेवर दाबून धरलं.

"जागा घेताना तुला विचारलं होतं," ती हळूच म्हणाली. "दगड बरोबर आहे ना रे, म्हणून."

काकांना वर बघवेना. तेव्हा ते हो म्हणाले होते.

त्यांनी आकडा वाचला, बाईंनी लिहून घेतला. मग सवयीप्रमाणे टोकं बदलून पुन्हा मोजायला ते खांबाकडे आले, पण ताईने टोक सोडलं नाही.

"आता कशाला दुसऱ्यांदा?" ती म्हणाली. "ते तेव्हा मोजायचं होतंस."